पेठच्या नाल्यात सापडलेली हाडं

मी न्यायवैद्यक मानवशास्त्रात एम.एस्सी. करतेय, म्हणजे सापडलेल्या हाडांवरून तो माणूस कोण असेल ते ओळखायला शिकतेय. एप्रिलमध्ये आमच्या मॅडमचा फोन आला. "पेठच्या पुढे नाल्यात हाडं सापडलीत. येतेस?" त्यांचं बोलणं संपायच्या आत मी हो म्हटलं. वर्गातले तेच ते सांगाडे हाताळून कंटाळले होते. खरं सांगते, आनंदच झाला होता.

नाशिकहून पेठ साधारण दीड तास. एसटी मिळते; आम्ही मॅडमच्या गाडीने गेलो. सावळघाटात वळणं आहेत, मळमळत असेल तर पुढे बसा. करंजाळीला गरम वडे खाऊन घ्या. पावसाळ्यात हिरवागार असणारा हा भाग एप्रिलमध्ये पार करपलेला असतो.

नाल्याकाठी पोलिसांशेजारी एक म्हातारे बाबा उकिडवे बसले होते. त्यांची तरुण मुलगी सुनंदा तीन वर्षांपूर्वी दिंडोरीला द्राक्षांच्या कामाला गेली, ती परतलीच नाही. हाडांचं कानावर आलं तसे ते पायीच निघून आले होते.

आम्ही कापडावर हाडं मांडली. कमरेचं हाड पुरुषाचं असतं तसं अरुंद, दात झिजलेले, मणक्यांच्या कडा वयाने वाढलेल्या. मॅडम हळूच म्हणाल्या, "तू सांग."

"बाबा, ही सुनंदा नाही. हा कोणी म्हातारा माणूस आहे."

मला वाटलं, त्यांना हायसं वाटेल.

"परत बघा ना ताई. चुकलं आसंल," ते म्हणाले. "घरी तिच्या आईला सांगून आलोय, आज घेऊन येतो म्हून."

उत्तर ठाऊक असूनही मी त्यांच्यासमोर एकेक हाड पुन्हा मोजलं. मग नकारार्थी मान हलवली.

पोलिसांच्या कागदावर सुनंदाचं नाव नि वय, एवढंच होतं. पुढे काही सापडलं तरी जुळवणार कशाशी? मी उंची विचारली. बाबा उठले, कानाच्या पाळीला बोट लावून म्हणाले, "इथवर लागायची." मी जमिनीपासून तिथवर टेप धरली. लहानपणी आंब्यावरून पडून तिचा डावा हात मोडला होता, तेही लिहून घेतलं. डीएनए तपासणीसाठी रक्त द्यायला ते आमच्याबरोबर पेठच्या दवाखान्यात आले.

संध्याकाळी पंचवटीत घरी पोचले. मापं सगळी बरोबर आली होती, मॅडमनी शाबासकीही दिली होती. जेवताना आईला नाल्यावरच्या बाबांचं सांगायला लागले.

"ती मुलगी नव्हती ना?" आईने विचारलं.

"नव्हती."

"बरं झालं बाई."

सुनंदाचे बाबाही एव्हाना घरी पोचले असतील. त्यांनाही तिच्या आईने दारातच हे विचारलं असेल. 'बरं झालं' मात्र तिथे कोणी म्हटलं नसेल.