इंजिनाच्या दिव्यावरचा गणपती

'घरच्या घरी' हे दोन शब्द आमच्या ह्यांच्या तोंडून बाहेर पडले की मी आधी जमिनीवरचं सामान वर उचलून ठेवते. वॉशिंग मशीन ह्यांनी घरच्या घरी दुरुस्त केलं, तेव्हा पलंगाखालच्या बॅगा भिजल्या होत्या. त्यामुळं गाडीचा ऑक्सिजन सेन्सर घरच्या घरी बदलायचं ठरलं, त्या शुक्रवारी मी उठल्यापासूनच धुमसत होते.

कारण रविवारी मला नोकरीवर हजर व्हायचं होतं. दोह्यात येऊन इतकी वर्षं झाली तरी मी घरातच. आता कुठं अल दुहैलच्या एका नर्सरी शाळेत काम मिळालं होतं, आणि तिथल्या मोठ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की रविवारी वेळेवर आला नाहीत तर दुसरी बाई तयार आहे. आम्ही राहायचो अल गराफाला, एका व्हिलाच्या मागच्या दोन खोल्यांत. तेव्हा टॅक्सी मागूनही मिळायची नाही. ह्यांना न्यायला कंपनीची बस यायची, म्हणजे आमची जुनी गाडी दिवसभर दारात उभी. लायसन्स मी रडत-पडत का होईना, काढलं होतं. आणि नेमकी तेव्हाच गाडी वार्षिक तपासणीत नापास झाली. इस्तिमारा, म्हणजे गाडीचा परवाना, शनिवारी संपत होता. शनिवारी गाडी पास झाली नाही तर माझी नोकरी खलास.

नापास का झाली तेही ऐका. गाडी ह्यांनी आपल्याच एका मराठी माणसाकडून जुनी घेतली होती. स्टिअरिंगच्या मागे, काट्यांवरच्या काचेवर त्यानं छोटा सोनेरी गणपती चिकटवलेला. संध्याकाळ झाली की त्याच्याभोवती नारिंगी उजेड दिसायचा. मला वाटायचं, काय सुरेख प्रभावळ केलीय. मी रोज नमस्कार करायचे. तपासणीवाल्यानं धूर मोजला, किल्ली फिरवली आणि विचारलं, इंजिनात बिघाड असला की पेटतो तो दिवा कुठाय? ह्यांनी गुपचूप नखानं गणपती सोडवला, तर खाली दिवा ढणाढणा पेटलेला. गणपती कोण काढणार? मराठी माणूस तर नाहीच. विकणाऱ्याला हे बरोबर ठाऊक होतं.

धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर गेलाय, तपासणीवाला म्हणाला. नवीन ह्यांनी सनैयातल्या, म्हणजे इंडस्ट्रियल एरियातल्या, स्पेअर पार्टच्या दुकानातून आणला. तिथल्या तिथं गॅरेजमध्ये बसवून घ्या म्हटलं, तर म्हणे, "कशाला? घरच्या घरी होतं."

शुक्रवारी सकाळी व्हिलाच्या पत्र्याखाली कामाला सुरुवात झाली. सुरुवात म्हणजे नमनाला घडाभर तेल. आधी पेपर अंथरला. मग एकेक पाना फडक्यानं पुसून ओळीत मांडला. मग चहा. सप्टेंबरचा दमट उकाडा, अंगाला कपडे चिकटलेले, आणि हे बॉनेट उघडून इंजिनाकडे मुलगी बघायला आल्यासारखे बघत उभे. मी आत-बाहेर, आत-बाहेर करत होते. भाजी दोनदा फोडणीला घालायची विसरले.

"झालं का?"

"अगं, होईल. उतावळा नवरा..."

"नवरा निवांत आहे. बायको उतावळी आहे."

इंजिन गरम करून झालं, गंजावर स्प्रे मारून झाला. सेन्सर ढिम्म हलेना. त्याच्या शेपटीला लांब वायर, तिच्या टोकाला जाडा प्लग, त्यामुळं गोल पाना वरून घालता येईना, आणि उघडा पाना नुसता सटकत होता. ह्यांनी पाना खाली ठेवला, हात पुसले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "ह्याला खाचवाला पाना लागतो. आज दुकानं बंद. पुढच्या शुक्रवारी बघू."

पुढच्या शुक्रवारी. माझं डोकंच फिरलं. मी काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण आतून लेकीचा आवाज आला, "आई, व्हाय आर यू शाउटिंग?"

मग मी पक्कड उचलली. जुना सेन्सर फेकायचाच होता, मग त्याच्या वायरीची काय पूजा करायचीय? कचकन कापली. "घाला आता गोल पाना," म्हटलं. आता मागं फिरायची सोयच उरली नव्हती.

पाना बसला. त्याला पाईपचा तुकडा जोडला आणि दोघांनी मिळून जोर लावला. हात पाईपवर, मान इंजिनात, असे वाकलेले असताना हे एकदम म्हणाले, "मला भीती वाटते गं."

"कसली?"

"तू एकटी जाणार. ते राउंडअबाऊट, त्या मोठ्या गाड्या कशा अंगावर येतात. मी ऑफिसात बसून काय करू?"

म्हणजे सकाळपासून पाने पुसणं चाललं होतं ते ह्याच्यासाठी. मला राग आला आणि भरूनही आलं, दोन्ही एकदमच. "मग तोंडानं सांगायचं," मी म्हटलं. "भीती मलाही वाटते. पण मी जाणार. ओढा."

कट् आवाज झाला. तुटला की काय म्हणून दोघंही आत वाकून बघायला लागलो. पण सेन्सर सुटला होता. नवीन ह्यांनीच बसवला, टोकाला बोट न लावता, अगदी जपून. गाडीनं जुना बिघाड विसरावा म्हणून बॅटरीची वायर काढून परत लावली. मी किल्ली फिरवली. दिवा लागला आणि विझला.

शनिवारी गाडी पास झाली.

रविवारी सकाळी मी गाडीत बसले, तर हे देवघरातून तो सोनेरी गणपती घेऊन आले. मागे ताजा गोंद लावलेला. खिडकीतून हात घालून पुन्हा त्याच जागेवर चिकटवायला लागले. मी हात धरला.

"तिथं नको. मला दिवा दिसायला हवा."

"मग कुठं लावू?"

"तुमच्या खिशात ठेवा. आज तुम्हालाच लागणार आहे."

मी वेळेवर पोचले. राउंडअबाऊटवर मागचे हॉर्न वाजवत राहिले, पण पोचले, आणि दुपारी परतही आले.

संध्याकाळी ह्यांचा शर्ट धुवायला टाकताना मी खिसा तपासला. गणपती होता. त्याचा सोनेरी रंग निम्मा उडाला होता. दिवसभर अंगठ्यानं चोळला असणार.