सासूबाईंचं टेंडर

लग्नानंतरही माझी वकिली सुटली नाही, ती सासूबाईंमुळे. त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणायचो. देवपुरात त्या बायकांचं शिवणकेंद्र चालवायच्या. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. एका सरकारी खात्यानं वसतिगृहांतल्या मुलांचे कपडे शिवण्यासाठी निविदा मागवल्या आणि अक्कांनी टेंडर भरलं. लिफाफे उघडले तेव्हा त्यांचाच दर सर्वांत कमी निघाला. तरी खात्याचे साहेब म्हणाले, "स्वतःचा कारखाना असेल त्यालाच काम मिळेल." असा कारखाना एकाच ठेकेदाराकडे होता.

घरी आल्यावर अक्कांनी मला विचारलं, "जाहिरातमा हाई अट व्हती का?"

"नव्हती."

"मंग कोर्टमा जाऊत. तूच उभी राय."

सरकारशी भांडलात तर पुढे कोण काम देईल, असं नातेवाईक बजावत राहिले. अक्का ऐकून घ्यायच्या आणि पुन्हा मशीनवर बसायच्या.

मुंबईच्या हायकोर्टात मी पहिल्यांदाच उभी राहत होते. अक्का मागच्या बाकावर ताठ बसलेल्या. मी एवढंच मांडलं, की काम आम्हालाच द्या असं आमचं म्हणणं नाही. पण अट आधी सांगा आणि ती सगळ्यांना सारखी लावा. न्यायमूर्तींनी सरकारी वकिलांना जाहिरातीतली अट दाखवायला सांगितलं. त्यांनी जाहिरात पुन्हा वाचली आणि अशी अट नसल्याचं मान्य केलं. नव्यानं निविदा मागवण्याचा हुकूम झाला.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "अक्का, काम अजून आपलं नाही. पुन्हा सगळ्यांनी भरायचं."

"बठ्ठासले, सगळासले एकच नियम शे ना? मंग झायं."

दुसऱ्या खेपेला चोपड्याच्या एका शिंप्याचा दर आमच्याहून कमी निघाला. काम कुणाला जाणार हे ठरलेलंच असतं, असं ऐकून आधी तो आलाच नव्हता. मी हिरमुसले. अक्का उठून त्याच्याकडे गेल्या.

"परवडेल ना, भाऊ?"

"हो अक्का, घरचे सगळेच शिवतो."

"मंग चांगलं शिव."

परतताना पांझरेच्या पुलावर शेजारीण भेटली. "काम गेलं म्हणे," ती म्हणाली.

अक्कांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "काम गयं, पन केस जिंकनूत. हाई मनी सून. हायकोर्टमा हाईच बोलनी."

मी मान खाली घातली, पण हसू काही आवरेना.