वहिनींचा गोल्फचा सेट

मैत्रिणींनो, आज सकाळी धाकटे दीर आमच्या ह्यांचा गोल्फचा सेट न्यायला आले. हे जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून घरामागच्या सड्यावर, त्या मोकळ्या कातळावर, मी एकटीच खेळते.

"वहिनी, माझ्या मित्राला देतो. तुम्हाला काय करायचाय आता? तुमच्याने चेंडू तरी उडतो काय?"

"चला, दाखवते."

पहिला चेंडू जेमतेम चार पावलं घरंगळला. भाऊजी हसले. "झालं?"

चूक मला कळली होती. जन्मभर विहिरीचं पाणी शेंदलेलं, त्यामुळे माझी कोपरं बाहेर पडतात आणि मनगट वेळेआधीच वळतं. हे मागे उभं राहून म्हणायचे, "अगं, कळशी ओढायची नाहीये. कोपर अंगाशी ठेव. मनगट आपोआप वळेल, आपोआप सुटेल."

दुसऱ्या वेळी कोपर बरगडीशी ठेवलं. मनगटाला काही सांगावंच लागलं नाही. चेंडू थेट दगडी गडग्यापलीकडे गेला!

"वाऱ्याने नेला," भाऊजी पुटपुटले.

"वारा समोरून होता, भाऊजी."

सेट घरातच आहे आणि उद्याही मी सड्यावर जाणार आहे.

"तुम्हाला काय करायचंय आता?" असं विचारून तुमच्याकडे कोणी काय मागितलं? आणि तुम्ही दिलंत का?