वसंतभाऊंनी उतरवलेली कौलं

दामू, तुझी पोस्ट वाचली. सगळ्यांच्या आधी तूच टाकलीस, आणि तीच मला खटकली.

"देवमाणूस गेला. आमच्या आईचं घर त्यांनी शाकारलं. गाव पोरकं झालं."

कुठलं गाव रे? त्यात इंदूचं घर धरलंस का?

नमस्कार सगळ्यांना. मी जोह्याची सुमनआजी. एका बोटाने लिहिते, वेळ लागतो. तेव्हा वाचायचं तर पूर्ण वाचा.

पेणचे वसंतभाऊ काल गेले.

त्यांची माझी ओळख एका उन्हाळ्यातली. पेणच्या शिकलेल्या लोकांनी कॅम्प काढला होता. कॉलेजची पोरं-पोरी रोह्याकडच्या एका गावात राहणार आणि म्हाताऱ्यांची, एकट्या बायांची घरं फुकट शाकारून देणार. कौलं उतरवायची, खालच्या कुजलेल्या लाकडी रिपा बदलायच्या, कौलं परत बसवायची.

वसंतभाऊ मुख्य. मी स्टाफमध्ये, म्हणजे चुलीपाशी.

मी गणपती रंगवायचं काम सोडून गेले होते. माझी जाऊ म्हणाली, "फुकट काम करणारी माणसं बरी नसतात गो."

मला तरी कुठे बरी वाटत होती. शहरातला माणूस गावात आला की आधी जमीन बघतो, एवढं चौथी शिकलेल्या बाईलाही कळतं.

म्हणून मी भाऊंवर नजर ठेवली.

एखाद्या घराला सगळीच नवी कौलं घातली की जुन्यातली चांगली कौलं उरायची. भाऊ ती शाळेमागे रचून ताडपत्रीखाली झाकायचे. अलिबागकडचे फार्महाऊसवाले जुन्या कौलांना चांगला भाव देतात, हे मला माहीत होतं.

"भाऊ, ही कौलं कोणाला?"

"लागतील."

"पण कोणाला?"

"वहिनी, आमटीत मीठ कमी हाय."

चोर असाच विषय बदलतो, मी मनात म्हटलं.

मीठ खरंच संपलं होतं. दुकानात गेले तर दुकानदार म्हणतो, "तुम्हाला नाय मिळणार. सकाळी तिच्या पडवीत पाणी प्यायलात ना? मग मीठ पण तिच्याकडेच मागा."

ती म्हणजे इंदू. विधवा बाई. गावाने वाळीत टाकलेली.

देवळाच्या रस्त्यासाठी म्हणून गावकीने तिच्या शेतातली पट्टी मागितली. तो रस्ता देवळावरून पुढे दामूच्या दारापर्यंत जाणार होता, आणि गावकीत शब्द चालायचा तो दामूचाच. तिला ते दिसलं, ती नाय म्हणाली.

तेव्हापासून तिच्याशी बोलायचं नाय. लग्नाला बोलवायचं नाय. तिच्या घरावर चढायचं नाय.

पावसात घर गळायचं, ती स्टोव्ह घेऊन या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरायची.

मी भाऊंना विचारलं, "हिचं घर का नाय करत?"

"गावकीने पहिल्याच दिवशी सांगितलंय. तिच्या घराला हात लावलात तर कॅम्प उचला. मी बरं म्हटलं."

"म्हणजे तुम्ही पण त्यांच्यातलेच."

"भात लावा, वहिनी."

मग गावात लग्न निघालं. सगळं वऱ्हाड टेम्पोत बसून हमरापूरला गेलं. इंदूला आमंत्रण नव्हतंच. कॅम्पला होतं, पण भाऊ कोणाला घेऊन गेले नाय.

टेम्पो वळणाआड गेला आणि ताडपत्री निघाली.

पोरांनी साखळी केली. हातोहात कौलं इंदूच्या अंगणात. भाऊ स्वतः आढ्यावर.

इंदू खाली चहाची किटली घेऊन उभी, घाबरलेली. "भाऊ, माझ्यापायी बाकीच्यांची घरं राहतील हो."

"नाय राहत. चहा द्या."

मी खालून म्हटलं, "म्हणजे विकायची नव्हती तर."

"अजून संशय हाय का?"

"हाय."

संध्याकाळी वऱ्हाड परत आलं. दामू नव्या शर्टात पुढे. घराकडे बघून थांबला.

"हे कोणी केलं?"

भाऊ म्हणाले, "वारा सुटला होता."

"वाऱ्याने कौलं उडतात."

"कधी कधी बसतात पण."

दामू म्हणाला, "उद्याच्या उद्या कॅम्प उचला."

"उचलतो की. आईच्या घराचं काय करू सांग. तसंच ठेवून जाऊ?"

आदल्याच दिवशी भाऊंनी दामूच्या आईच्या घराची सगळी कौलं उतरवून अंगणात मांडली होती. म्हातारी उघड्या घरात आभाळाखाली मशेरी लावत बसली होती.



म्हातारीच आतून बोलली, "दाम्या, तोंड मीट. माझं घर झाकू दे आधी."

कॅम्प राहिला.

माणूस दिसतो तेवढा सरळ नाय, हे मला तेव्हा कळलं. त्या दिवसापासून मी त्यांना मानते.

कॅम्प पुढे बंद पडला. पण दर उन्हाळ्यात भाऊ पेणहून एकटे जायचे आणि इंदूचं घर शाकारून यायचे.

वाळीत टाकणं आता गुन्हा हाय, कायदा आलाय. म्हणून बैठकीत तसं उघड कोणी बोलत नाय. फक्त तिच्या घरावर गावातला कोणी चढत नाय. रोह्याहून कौलं बसवणारा बोलावला तर तो वेशीवरूनच माघारी जातो. त्याला कोण काय सांगतं, देव जाणे. दामू पण जाणत असेल.

गेल्या उन्हाळ्यात मी निडी स्टेशनला उतरून गेले, शिडी धरायला. भाऊ चढले. एकेका पायरीवर दम घेत.

मी म्हटलं, "या वयात ही कसरत. यातून तुम्हाला मिळतं काय?"

"अजून संशय हाय, वहिनी?"

"हाय."

ते हसले. म्हणाले, "पुढचं कौल द्या."

उत्तर दिलंच नाय. आता देणार पण नाय.

भाऊ, या तुम्ही. माझा नमस्कार.

आता कामाचं. शिमगा होऊन गेलाय. इंदूच्या घराची मागची बाजू माकडांनी फोडलीय. ती आता म्हातारी झालीय, स्टोव्ह उचलून फिरायची ताकद नाय तिच्यात.

यंदा तिच्या घरावर कोण चढणार?

हात जोडलेली चित्रं टाकू नका. "आजी, छान लिहिलंत" पण नको.

उत्तर एकट्या दामूने द्यायचं. मला फोन करून नाय. इथेच खाली, सगळ्यांच्या देखत.