तोंडातली प्लेट

"काढ वं. पाहुन्यायले दाखव."

मालक ओट्यावर खुर्चीत बसला होता. बाजूले शहरातले दोन पाहुने. मी खाली अंगनात उभी, कापसाची ओटी अजून कंबरेलेच बांधलेली.

माह्या वरच्या जबड्यात कॅन्सर झाला होता. डॉक्टरनं अर्धा जबडा टाळूसकट काढला. नाक अन् तोंड एक झालं. पानी प्यालं का नाकातून बाहेर. बोललं त घरच्यायलेही समजे ना. मंग दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरीनबाईनं माप घेऊन प्लेट बनवली. गुलाबी, तिलेच दात बसवलेले. ती लावली का भोक बंद होते. घास गिळता येते, बोलता येते. नवऱ्यासमोरही मी ती कधी काढली नाही. धुवाची त न्हानीत, कडी लावून.

तिथं मात्र काढली. भेली होती मी. वडनेरकडच्या आमच्या गावात त्याच्याएवढं वावर कोनाचं नाही. त्याचं काम सुटलं त मले कोन बलावनार?

प्लेट हातात धरून, तोंड उघडून उभी राह्यली. एका पाहुन्यानं मोबाइलचा उजेड आत मारला. दुसऱ्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"बोलून दाखव आता," मालक म्हने.

मी बोलली. नाकातून नुसता आवाज गेला. तिघंही हसले.

मंग कापूस वेचनाऱ्या सगळ्या बायायले स्टीलच्या पेल्यात चहा आला. मले प्लास्टिकच्या. "जातानी तुहा पेला घेऊन जाय," मालकीनबाई म्हनली. याच अंगनात माही आजी वरून ओतलेलं पानी ओंजळीनं प्यायची. तिले त कॅन्सर नव्हता.

तवापासून धास्ती बसली. वावरात त्याच्या गाडीचा आवाज आला का माही जीभ आपोआप वर जाय अन् प्लेट दाबून धरे. घास तोंडात तसाच राहे.

पुढच्या वेचनीले पुन्हा पाहुने आले. पुन्हा तेच. "काढ वं."

बाकीच्या बाया खाली पाहून राह्यल्या होत्या.

"नाही काढत."

"काऊन?"

"माहं तोंड हाय, मालक. तमाशा नाही."

"उद्यापासून कामावर येऊ नको."

"नाही येत."

त्यानं गावभर केलं, हिचा रोग लागते म्हनून. आता मले कोनी कामाले बलावत नाही. नळावर बाया घागर बाजूले घेतात.

भेव गेलं नाही. तपासनीले जातानी वाटते, डॉक्टर पुन्हा कापा म्हनन. गल्लीतून जातानी वाटते, मालक काही करीन.

पन येत्या ग्रामसभेत मी उभी राहनार हाय. तो समोरच बसलेला असन. त्यानं माह्यासंगं काय केलं ते त्याचं नाव घेऊन सांगनार. कोनाले समजलं नाही त पुन्हा सांगनार.