चवळी, मुंगळे आणि एक वाटी पीठ

माझा राग नाकावर असतो. हिमायतनगरजवळच्या आमच्या गावात आई म्हणायची, हिला मुंगी चावली तर ही मुंगीच्या बिळाशी जाऊन भांडेल. पुढे मी वनस्पतीशास्त्र शिकले आणि खरोखरच मुंग्यांच्या मागे लागले, तेव्हा आईला आपलं बोलणं खरं झाल्याचा फार आनंद झाला.

माझा पीएच.डी.चा विषय चवळी आणि मुंगळे. चवळीच्या फुलांच्या दांडीवर, दोन फुलांच्या मधे, बारीक गाठी असतात. त्यातून गोड रस पाझरतो. फुलातला मध वेगळा, हा वेगळा. या रसासाठी काळे मुंगळे वेलावर चढतात आणि चढलेच आहेत तर शेंगा पोखरणाऱ्या अळ्यांनाही सुखाने बसू देत नाहीत. झाड पाजतं आणि मुंगळे राखण करतात. शेतात जन्म गेलेल्या माझ्या आजोबांनाही हे ठाऊक नव्हतं. ते चवळीवर मुंगळे दिसले की वेल झटकायचे.

आपल्या मराठवाड्यातल्या गावरान चवळीवर ही राखण कितपत चालते, ते मला बघायचं होतं. लातूरच्या ज्या कॉलेजात मी शिकवत होते, तिथून दिवाळीपर्यंत बिनपगारी रजा मिळाली होती. माझे मार्गदर्शक सर त्याच हिवाळ्यात निवृत्त होणार होते. म्हणजे या एका हंगामात निरीक्षणं झाली तर झाली, नाहीतर विषय बारगळला. शाळेत शिपाई असलेल्या माझ्या वडिलांनी मात्र मुलगी डॉक्टर झाल्याचं भावकीत आधीच सांगून टाकलं होतं, आणि कुठली डॉक्टर ते सांगितलं नव्हतं.

नांदेडच्या जुन्या भागात मी एक खोली घेतली, ती अंगणासाठी. घरमालकीण एकट्या राहायच्या. सगळा मोहल्ला त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा, मीही म्हणू लागले. त्यांचे मिया कल्हईवाले होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांची पत्रा कापायची कातर खालांनी तेल लावून जपली होती. कुणाला हात लावू देत नसत. मी वेल लावायला तेलाचे रिकामे चोवीस डबे आणले आणि विळ्याने कापायला बसले, तेव्हा थोडा वेळ माझी फजिती बघून त्यांनी ती कातर आणून माझ्यापुढे ठेवली. डबे कापताना गप्पा झाल्या. मिया रोज पहाटे फजरच्या नमाजनंतर, भट्टी पेटवायच्या आधी, अंगणाच्या भिंतीकडेच्या मुंग्यांना चिमूटभर पीठ-साखर घालायचे. त्यांच्या मागे खाला घालत होत्या. एक दिवस चुकला नव्हता. मी हे ऐकलं आणि हो हो करून सोडून दिलं.

चोवीस डब्यांत वेल चढले. बारा मोकळे ठेवले. उरलेल्या बारांच्या बुंध्याला आणि काठीला ग्रीस लावलेली पट्टी बांधली, म्हणजे मुंगळ्यांना वर जाता येऊ नये. वेलांची पानं एकमेकांना टेकली तर मुंगळे पूल करून पलीकडे जातात, म्हणून रोज सकाळी कापाकापी. खाला चहा घेऊन येत आणि विचारत, एवढं काय बघते गं त्यांच्यात? मी एकदा ऐटीत सांगितलं की, खाला, हे मुंगळे आहेत म्हणून माझं काम आहे. हे गेले की मी संपले.

फुलं यायला लागली आणि मुंगळे वर जायचे थांबले. आधी वाटलं हवेचा परिणाम. आठवडा गेला. मोकळ्या वेलांवर आणि पट्टीच्या वेलांवर सारखीच सामसूम, आणि दोन्हीकडच्या शेंगांना सारखीच भोकं. गाठींवर रस तसाच सुकत होता. माझा जीव टांगणीला लागला. वडिलांचा फोन आला तर मी उचलेना.

मग माझ्या डोक्याने एकच अर्थ काढला, की कुणीतरी मुंग्या मारायची पावडर टाकली. अंगणात आम्ही दोघीच. खाला दारात तांदूळ निवडत होत्या. मी जाऊन सरळ म्हटलं, तुम्हीच पावडर टाकलीत, एवढं सांगून ठेवलं होतं तरी टाकलीत. आणखीही बरंच बोलले. तोंडाचा पट्टा सुटला की मला आवरत नाही. खालांनी सूप खाली ठेवलं.

"मी कशाला मारू त्यांना," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. चार दिवस चहा आला नाही.

पाचव्या दिवशी मला लवकर जाग आली. खिडकीतून बघते तर खाला अंगणात. दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून, वाकून, एकेका डब्याच्या बुडाशी चिमूट चिमूट काहीतरी ठेवत चालल्या होत्या. मी धावत गेले. हातात वाटी होती. वाटीत पीठ-साखर. डब्यांच्या बुडाशी मुंगळ्यांची ही गर्दी; रोज मी उठेपर्यंत सगळं फस्त होत असणार.

त्या दचकल्या. मग म्हणाल्या, "तूच बोलली होती ना, मुंगळे हायेत तर तुझं काम हाय. मी म्हटलं, भुके राहिले तर निघून जातील. म्हणून जास्ती घालून राहिले."

पावडर टाकली म्हणून जिला मी नाही नाही ते बोलले, ती बाई माझ्यासाठीच रोज पहाटे मुंगळ्यांना जेवू घालत होती. पोट खालीच भरल्यावर ते वर कशाला चढतील? मी खालांना तसं समजावून सांगितलं, तेव्हा त्या तिथेच दगडावर बसल्या. म्हणजे तुझं नुकसान मीच केलं, म्हणाल्या. मी नाही म्हटलं. माफी मागायची मला सवय नाही, त्या दिवशी मागितली. त्यांनी माझ्या डोक्यावर पिठाचाच हात ठेवला.

सरांना फोन केला. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, जे झालं ते तारीखवार लिहा, आता पीठ बंद करा आणि बघा चढतात का. चवळी काही एकदाच फुलून थांबत नाही. मी खालांना सांगितलं की दिवाळीपर्यंत या अंगणात दाणाभर साखर पडायला नको. त्यांनी थोडा वेळ वाटीकडे बघितलं आणि "हाव" म्हणाल्या. आपण त्यांच्याकडे काय मागितलं, हे मला तेव्हा कळलंही नाही.

तिसऱ्या दिवशी मुंगळे वर चढले. नव्या बहराच्या शेंगा मोकळ्या वेलांवर बहुतेक धड राहिल्या आणि पट्टीच्या वेलांवर पोखरल्या गेल्या. एकदा तर दोन मुंगळे एक वळवळती अळी दांडीवरून ओढत नेताना दिसले, आणि मी एकटीनेच अंगणात टाळ्या वाजवल्या. फसलेले आठवडेही वाया गेले नाहीत. साखर खाली मिळाली की राखण सुटते, हे त्यातूनच दिसलं, आणि सरांच्या मते प्रबंधातला तोच भाग सगळ्यात चांगला झाला. चहा पुन्हा सुरू झाला. फक्त सकाळी थोडा उशिरा यायचा, कारण खाला पहाटे कुठेतरी बाहेर जायच्या. मला वाटलं, दुधाला जात असतील. मी मोजणीत गर्क. माणूस लंगडत फाटकातून बाहेर जातंय, हे दिसूनही मी बघितलं नाही.

शेवटच्या शेंगा तोडल्या, पट्ट्या सोडल्या. त्या दिवशी मी स्वतः पीठ-साखर कालवली आणि वाटी खालांच्या हातात दिली. म्हटलं, झालं माझं काम, आता घाला पोटभर. त्यांनी भिंतीकडेने अर्धी वाटी घातली आणि थांबल्या. उरलेली वाटी ओढणीच्या पदराने झाकली आणि फाटकाकडे निघाल्या.

मी विचारलं, कुठे?

"कब्रस्तानच्या भिंतीशी कडुनिंब हाय ना, तिथं. तू बंद कर म्हणाली, मग मी तिकडं घालून राहिले. रोजचं मोडता येत न्हाई. आता तिकडच्यांना सवय लागली, बेटा."

मियांची कबर त्या भिंतीच्या आत आहे. खालांच्या गुडघ्याला अंगणातल्या दोन पायऱ्याही जड जात. माझ्या मागे उभं राहून आजवर अनेकांनी मला शिकवलं, फी भरली, आशीर्वाद दिले, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. पण माझ्या शिक्षणासाठी इतकं आणि इतकं मुकाट्याने कुणी चाललेलं मला माहीत नाही.

मी त्यांच्या हातातली वाटी घेतली आणि दुसरा हात त्यांना धरायला दिला. कडुनिंबापर्यंत जाताना खालांना तीनदा थांबावं लागलं.