शहागंजातून आणलेला दरवाजा

दुष्काळाचं लागोपाठचं दुसरं साल होतं आणि आमच्या ह्यांनी घर बांधायचं काढलं. आम्ही तेव्हा शहागंजच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. नळाला पाणी कधी येणार हे घरमालकालाही माहीत नसायचं. सासूबाईंनी ऐकलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. हातातलं सूप खाली ठेवून म्हणाल्या, "प्यायला पाणी नाय, अन् तू भिंती कशात भिजवणार रे?"

हे एका कारखान्यात खरेदी विभागात होते. दोन पैसे कमी करून माल आणणं हे त्यांचं नोकरीतलं काम होतं, पण ती सवय ते घरी आल्यावर कपड्यांबरोबर उतरवून ठेवत नसत. भाजीवाल्या मावशी त्यांना लांबून बघूनच टोपली झाकायच्या. त्यांनी आईला समजावलं, "अगं, दुष्काळ आहे म्हणूनच बांधायचं. सगळ्यांनी कामं थांबवलीत. वीटवाला, वाळूवाला, मिस्त्री, सगळे रिकामे बसलेत. आत्ता आपण म्हणू तो भाव."

आणि त्यात खोटं काही नव्हतं. विटा खरंच स्वस्तात मिळाल्या. करमाडचा एक चांगला मिस्त्री लगेच कामाला लागला. शहराबाहेर, चिकलठाण्याच्या विमानतळापलीकडं, जालना रोडपासून आत, आमचा प्लॉट होता. आसपास चारदोन घरं, बाकी सगळं बाभळीचं रान, आणि डोक्यावरून विमान गेलं की बोलणं थांबवावं लागे. मी फक्त एक गोष्ट मागितली होती: स्वयंपाकघराला मागच्या अंगणात उघडणारं दार. भांडी बाहेर घासायची, धुणं बाहेर वाळत घालायचं. ह्यांनी नकाशावर ते काढूनही घेतलं होतं.

जोत्याचं काम झालं आणि एका रविवारी हे शहागंजात जुन्या लाकडाच्या दुकानात गेले. गेले होते खिडक्यांच्या चौकटी बघायला. दुपारी घरी आले ते हातपाय न धुताच पाटावर बसले.

"सागवानी आहे," म्हणाले. "असलं लाकूड आता डोळ्यांनी बघायला मिळत नाही. पितळी कड्या, पितळी फुल्या. नवा साधा दरवाजा जेवढ्याला येतो ना, त्याहून कमीत दिला."

"केवढा आहे?" मी विचारलं.

"मोठा आहे," हे म्हणाले आणि आमटी मागितली.

तो दरवाजा कुठल्याशा पाडलेल्या हवेलीचा होता. दोन फळ्यांचा, वर कमान, आणि एवढा उंच की दुकानातही तो उभा नव्हता, आडवा ठेवला होता. दुकानदार चाचा पांढऱ्या दाढीचे, मऊ बोलणारे. त्यांनी विकताना ह्यांना प्रामाणिकपणे विचारलं होतं, "साब, आप हाथी पालते क्या?" ह्यांना ती गंमत वाटली.

टेम्पोत तो मावेना. अर्धा बाहेर लोंबायला लागला, तेव्हा टेम्पोवाला म्हणाला की आतल्या टोकावर कुणीतरी वजन म्हणून बसलं पाहिजे. हे बसले. शहागंजपासून चिकलठाण्यापर्यंत, भर उन्हात, डोक्याला रुमाल बांधून, दरवाजावर मांडी घालून. जालना रोडला कारखान्याची बस मागून आली आणि बराच वेळ मागंच राहिली. दुसऱ्या दिवशी त्यांना विभागात सगळे 'महाराज' म्हणायला लागले.

मिस्त्री तर तो बघून जागचा हललाच नाही. मग त्यानं टेप काढली, लांबी मोजली, जोत्याकडं बघितलं, परत मोजली.

"साहेब, हे दार आपल्या स्लॅबच्या वर चाललंय."

"मग?"

"मग काय? एक तर दार कापा, नाय तर घर वाढवा."

दार कापायचं म्हटल्यावर हे असे बघायला लागले की जणू कुणी गाय कापा म्हणालं होतं. घर वाढवायचं ठरलं.

भिंत वाढली म्हणून विटा वाढल्या. विटा वाढल्या म्हणून सिमेंट वाढलं. स्लॅब वर गेला म्हणून गच्चीचा जिना लांबला, तो लांबला म्हणून न्हाणीघरावर आला, आणि न्हाणीघराचं छत एका बाजूनं इतकं उतरलं की उभ्यानं अंघोळ फक्त सासूबाईंनाच जमायची. खिडक्या मात्र आधीच्याच मापानं घेतलेल्या, लहान. एवढ्या उंच भिंतीत त्या शर्टाच्या बटणांसारख्या दिसायला लागल्या. आतून बोललं की आवाज घुमायचा. सासूबाई पहिल्यांदा आत आल्या, नुसतं "बाई गं" म्हणाल्या, आणि वरून कुणीतरी "बाई गं" म्हटलं म्हणून दचकल्या.

आता वाढलेला खर्च कुठून तरी कापायला हवा होता. हे नकाशा घेऊन बसले आणि मला हाक मारली.

"असं बघ, पुढं एवढं मोठं दार असताना मागं दार कशाला? एका घराला दरवाजे किती लागतात?"

"माझी भांडी?"

"पुढून घेऊन जायची. राजेशाही थाटात."

मी दोन दिवस बोलले नाही. पण मिस्त्रीनं तोवर मागची भिंत बुजवून वर घेतली होती.

खरी पंचाईत पाण्याची होती. नवीन भिंतीला रोज पाणी मारावं लागतं, नाही तर ती भुसभुशीत होते, आणि टँकरवाला तर सोनाराच्या तोऱ्यात बोलायचा. तेव्हा मी युक्ती काढली. शहागंजच्या घरातलं धुण्याचं, तांदूळ-भाजीचं, अंघोळीचं असं सगळं पाणी आम्ही कॅनमध्ये भरायला लागलो. सकाळी कामावर जाताना हे स्कूटरला दोन्ही बाजूंनी कॅन बांधून निघायचे. सासूबाईंनी तर अंघोळीला मोठी परात घेतली आणि तिच्यात उभ्या राहून "हे देवघराच्या भिंतीचं, पायधुणं नको त्यात" असा हिशेब ठेवायला लागल्या.

आठवड्यानं मिस्त्री म्हणाला, "वहिनी, एक इचारू का? भिंतीला फेस येतोय."

दुसऱ्या दिवशी ह्यांच्या पांढऱ्या शर्टांना नीळ दिली होती, ते पाणीही चुकून गेलं. बैठकीची एक भिंत आकाशी झाली. मिस्त्री बिचारा नुसता ह्यांना म्हणाला, "रंगाचं एक काम वाचलं तुमचं." ह्यांना ते पटलंसुद्धा.

ऐन उन्हाळ्यात सुतारानं दरवाजा बसवला. ह्यांनी त्याच्यामागं लकडा लावून फटच ठेवू दिली नाही. सुतार म्हणत होता, लाकडाला थोडी जागा द्यावी, ते हवेनं कमीजास्त होतं. हे म्हणाले, "एवढं जुनं लाकूड, त्याला काय व्हायचंय? जे फुगायचं ते निजामाच्या काळातच फुगून झालंय." दरवाजा बसला तो अगदी चपखल. दोन्ही फळ्यांमधून कागद सरकेना. येणाऱ्या-जाणाऱ्याला हे कागद देऊन सरकवायला सांगायचे.

पावसाळा तसाच कोरडा गेला. आणि मग, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, दिवाळीच्या तोंडावर परतीचा पाऊस सुरू झाला. तीन-चार दिवस संततधार. सगळं शहर खूश होतं. आम्हीही होतो, फक्त आमची वास्तुशांत त्याच आठवड्यात होती.

त्या दिवशी सकाळपासून दरवाजा सताड उघडा होता. गुरुजी आत, होम चाललेला, जवळचे पाहुणे आत. चाचांनाही ह्यांनी आग्रहानं बोलावलं होतं. ते भिंतीला टेकून कौतुकानं आपला माल बघत होते. पूर्णाहुती होते न होते तोच वारं सुटलं आणि पावसाचा झोत थेट होमकुंडावर आला. "दार लावा, दार लावा!" गुरुजी ओरडले. आमचे चार-पाच धट्टेकट्टे भाचे-पुतणे उठले. फळ्या काही लागेनात. त्यांनी खांदे लावले, हुंकार दिला, आणि दरवाजा बंद झाला. त्याचा आवाज मला आठवतो. बाटलीला बूच बसतं तसा.

पाऊस उतरला. गुरुजींना पुढं सिडकोत दुसरी वास्तुशांत होती. ते दक्षिणा कनवटीला लावून उठले आणि कडी धरून ओढली. मग ह्यांनी ओढली. मग भाच्यांनी. दरवाजा ढिम्म हलेना.

एवढ्यात जेवायला बोलावलेले लोक बाहेर जमायला लागले. ह्यांचे कारखान्यातले मोठे साहेब सहकुटुंब आले. मिस्त्री आला. सगळे मांडवाच्या ताडपत्रीखाली उभे. आतून आमचा गलका ऐकून बाहेरच्यांनीही मदतीला जोर लावला. पण आतल्यांना ओढायचं सोडून ढकलायचं सुचलं. बराच वेळ ते आत ढकलत होते आणि आमची पोरं बाहेर.

तोवर बारा वाजून गेले होते आणि स्वयंपाक सगळा आत होता. उपाशी पाहुणे बाहेर आणि आम्ही आत, हे सासूबाईंना सहन होईना. त्यांनी खिडकीतून वाढायला सुरुवात केली. खिडक्यांना पक्के गज होते. पुरी गुंडाळी करून गजांतून जायची. बटाट्याची भाजी द्रोणात जायची. श्रीखंडाचं काही जमेना. तेव्हा साहेबांच्या मंडळींनी गजांतून हात आत घातला आणि सासूबाईंनी तळहातावर श्रीखंड घातलं, तीर्थासारखं. "आग्रह नाय करता येत हो असा," असं त्या प्रत्येकाला सांगत होत्या.

शेवटी मिस्त्रीनं खिडकीशी येऊन ह्यांना विचारलं, "साहेब, पहार आणलीये. फळी फोडू का?"

"फळी नाही!" हे म्हणाले. "त्यापेक्षा भिंत फोड."

सासूबाईंनी डोक्याला हात लावला. "आज वास्तुशांत झाली अन् आजच भिंत फोडतोस?"

गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि शास्त्रात याला हरकत नाही असं सांगितलं.

मी हातातला झारा खाली ठेवला. स्वयंपाकघरात गेले आणि मागच्या भिंतीवर हळदीकुंकवाच्या बोटांनी एक उभा चौकोन काढला. मग खिडकीतून मिस्त्रीला सांगितलं, "फोडायचीच आहे तर मागून या. दार बुजवलंत तिथंच फोडा."

मिस्त्री हसला. त्यानं मागं जाऊन पहार घातली. आमच्या धुण्या-अंघोळीच्या पाण्यावर वाढलेली ती भिंत मात्र विलक्षण पक्की निघाली. तो घामाघूम झाला. पहिली वीट आत पडली तेव्हा बाहेरच्यांनी टाळ्या वाजवल्या. भोक माणसाएवढं झाल्यावर सर्वांत आधी गुरुजी बाहेर पडले, सोवळं सावरत. मग साहेब आत आले, चुन्यानं पांढरे होऊन, आणि माझ्या ओट्याशी बसून पुन्हा पहिल्यापासून जेवले.

चाचा जाताना ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "साब, बुरा नक्को मानो. दरवाजा तो बहुत अच्छा है. घर छोटा पड गया." परत घ्यायलाही ते तयार होते, पण हे ऐकेनात.

थंडीत दरवाजा आपोआप उघडला. सुतारानं रंधा मारून जागा केली, तरी पावसाळ्यात तो रुसायचाच. म्हणून येणंजाणं मागूनच पडलं. पाहुणे थेट स्वयंपाकघरात यायचे आणि तिथंच बसायचे. बैठकीची ती आकाशी भिंत कित्येकांनी वर्षानुवर्षं बघितलीच नाही. पुढं पाऊसपाणी बरं झालं, बाभळी गेल्या, आमच्या चारी बाजूंनी घरं उठली. पत्ता सांगताना लोक 'किल्ल्याचं दार आहे ना, त्याच्या बाजूला' म्हणायला लागले. ह्यांची छाती फुगायची.

चाचा अधूनमधून गिऱ्हाईक घेऊन यायचे. आपला माल बसवल्यावर कसा दिसतो ते दाखवायला. एकदा एका तरुण जोडप्याला घेऊन आले. ह्यांनी उत्साहानं त्या मुलाला दरवाजापाशी नेलं, पितळी फुल्या दाखवल्या. मुलगा पार भारावून गेला होता. मी त्याच्या बायकोला ओट्याशी बसवून चहा दिला.

"तुमचं घर केवढं होणारे?" मी विचारलं.

"दोन खोल्या आणि स्वयंपाकघर," ती म्हणाली.

मी तिला न्हाणीघर दाखवायला घेऊन गेले.

ते दोघं काही न घेताच निघून गेले. चाचा ओट्याशी येऊन बसले. "क्या भाभी, मेरा गिराहक बिगाड दिया," म्हणाले, आणि आणखी एक कप चहा मागितला.